चावी कमरेलाच राहिली

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. वय ३८, नोकरीला १४ वर्षं झाली. तीन वर्षांपासून मेडिसिनच्या पुरुष वॉर्डला आहे. वॉर्ड ३० खाटांचा, पण पावसाळ्यात तापाचे पेशंट सुरू झाले की खाली गाद्या टाकतो आणि आकडा ५८-६० वर जातो. रात्री आम्ही दोघीच. घरी नवरा, सहावीतली मुलगी आणि सासूबाई. त्यांना शुगर आहे.

गेल्या महिन्यात पहाटे चारच्या सुमारास एक आजोबा गेले. आठ दिवस आमच्याकडे होते. मी त्यांचे डोळे मिटले, सलाईन काढलं, सगळं नीट केलं. आणि मनात पहिला विचार आला, बरं झालं, एक खाट मोकळी झाली, खालच्या गादीवरच्याला वर घेता येईल. बाहेर त्यांची सून रडत होती आणि मला तिचा आवाज नकोसा झाला होता. पूर्वी पेशंट गेला की मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे.

ड्युटीला आले की स्टँडवर गाडी लावून वीस-वीस मिनिटं तशीच बसून राहते, पाय उचलत नाहीत. घरी असले की पहाटे तीनला जाग येते. सलाईन बंद केलं होतं का, हे विचारायला वॉर्डला फोन करते. मुलगी म्हणते, आई तुझं लक्षच नसतं. मैत्रीण म्हणाली, स्वतःसाठी वेळ काढ, पाचला उठून योगासनं कर. आठ दिवस केली, मग जमेना. आता त्याचंही वाईट वाटतं. ताई, मी माणूस उरले आहे का, एवढंच सांगा.

– एक परिचारिका

*

तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना मध्येच चष्मा काढून ठेवावा लागला. तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगंच करते. मी ३३ वर्षं हीच नोकरी केली. तू जशी गाडीवर बसून राहतेस तशी मीही बसून राहिलेली आहे. तेव्हा माझ्याकडे लूना होती, एवढाच फरक.

शेवटचा प्रश्न आधी घेते. हो, माणूस उरली आहेस.

तुझं स्वतःचं वाक्य परत वाच. ‘एक खाट मोकळी झाली’ इथे तू थांबली नाहीस. पुढे लिहिलंस, ‘खालच्या गादीवरच्याला वर घेता येईल’. तो खालचाही कुणाचा तरी बाप होता. पहाटे चारला, आठ तास उभं राहून झाल्यावरही तुझ्या डोक्यात त्याची गादी होती. आजोबांसाठी जे करायचं ते तुझ्या हातांनी केलं होतं. रडू आलं नाही, कारण रडायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं आणि तुझ्याजवळ त्या रात्री ते नव्हतं. ज्याची माणुसकी खरंच गेली, तो महिन्यानं बसून असं पत्र लिहीत नाही गं.

आता माझं सांगते. १९९४ साली मी सर्जरीच्या वॉर्डला होते. औषधाच्या कपाटाची चावी काय असते ते तुला माहीत आहे, पण हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांना ठाऊक नसेल. मॉर्फिन, पेथिडीनसारखी जबर वेदना थांबवणारी, पण सवय लावू शकणारी इंजेक्शनं कुलपात असतात. ड्युटी संपली की पुढच्या सिस्टरसमोर ती एकेक करून मोजायची, रजिस्टरवर दोघींनी सह्या करायच्या आणि चावी तिच्या हातात द्यायची. खाटेखाटेपाशी जाऊन कुणाचं काय चाललंय तेही सांगायचं. आम्ही याला ‘ओव्हर देणं’ म्हणतो. चावी हातातून गेली की वॉर्ड तिचा.

त्या महिन्यात तिसऱ्यांदा मी ती चावी कमरेला खोचून तशीच घरी आले. भाजी चिरायला बसताना किणकिण झाली, तेव्हा कळलं. मोजणी झाली होती, सह्या झाल्या होत्या, चावी मात्र दिलीच नव्हती. आणि घेणारीच्याही ते लक्षात आलं नव्हतं, कारण तीही माझ्यासारखीच दमलेली. लूना काढून परत गेले. मेमो मिळणार हे धरूनच चालले होते. इन्चार्ज सिस्टरनी चावी घेतली, मला ड्रेसिंगच्या खोलीतल्या स्टुलावर बसवलं आणि विचारलं, “शेवटची पोटभर कधी झोपलीस?” मी आठवायला लागले. आठवेना. मग विचारलं, “मागच्या आठवड्यात आपल्याकडे गेले त्यातल्या एकाचं नाव सांग.” तिघं गेले होते. एकाचंही नाव येईना. मला खाटांचे नंबर आठवत होते.

त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढला, रजेचा अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि सहीसाठी माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, वॉर्डचं कसं होणार? त्या म्हणाल्या, “तू मेलीस तर जसं होईल, तसंच.” शब्द कडक होते. पण तोवर मला कुणी इतक्या मायेनं काही बोललं नव्हतं.

तुझ्या या अवस्थेला बर्नआउट म्हणतात. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये त्याबद्दल लिहिलं. ते दिवसा स्वतःचे पेशंट बघायचे आणि संध्याकाळपासून एका मोफत दवाखान्यात काम करायचे, तिथे व्यसनात अडकलेली तरुण मुलं यायची. जे स्वयंसेवक सगळ्यांत जास्त जीव ओतून राबायचे, तेच हळूहळू कोरडे आणि चिडके होत चालले आहेत, हे त्यांना दिसलं. आणि स्वतःच्या बाबतीतही तेच दिसलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण ज्याला कामाचं काही वाटतच नाही त्याच्या वाट्याला हे फारसं येत नाही.

पुढे कॅलिफोर्नियातल्या ख्रिस्तिना मास्लाक यांनी सहकाऱ्यांसोबत ते मोजायची प्रश्नावली केली, १९८१ मध्ये. त्यांनी तीन खुणा सांगितल्या आणि तुझ्या पत्रात तिन्ही आहेत. पहिली, पार पिळून निघणं: झोपून उठलं तरी थकवा तसाच. स्टँडवरची तुझी वीस मिनिटं ती हीच. दुसरी खूण सगळ्यांत जास्त घाबरवते. समोरची माणसं माणसं वाटेनाशी होतात. ‘सात नंबर’, ‘बारा नंबरचं लिव्हर’, सुनेचं रडणं म्हणजे नुसता गोंगाट. मन स्वतःभोवती जाड कातडं चढवतं, कारण रोज उघडं राहणं त्याला झेपत नसतं. आणि तिसरी, आपण करतो त्यात काही राम नाही असं वाटणं. सलाईन बंद केलं होतं का म्हणून घरून फोन करणं हे त्याच्याच जवळचं. १४ वर्षांच्या हातावरचा भरवसाच उडालेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद घेतली, पण आजार म्हणून नव्हे, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून: कामाच्या जागी दीर्घकाळ राहिलेला ताण, ज्याचा नीट बंदोबस्त झाला नाही. मूळ कामात आहे, तुझ्या स्वभावात नाही, हे इतक्या मोठ्या संस्थेनं लिहून ठेवलंय. आता तुझ्या वॉर्डचा हिशेब कर. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक परिचारिका असा आहे, अध्यापन रुग्णालयात तीनमागे एक. तुम्ही रात्री दोघी, पेशंट ५८. एकीच्या वाट्याला २९. कितीतरी जणींचं काम तू एकटी करतेस आणि वर स्वतःलाच विचारतेस की मी कमी कुठे पडते. हा हिशेब एका कागदावर लिहून तुझ्या लॉकरच्या दाराला आतून चिकटव. जेव्हा जेव्हा स्वतःची लाज वाटेल तेव्हा तो वाच.

म्हणूनच मैत्रिणीच्या सल्ल्यानं तुला बरं वाटलं नाही. योगासनं चांगलीच आहेत, मी आजही करते. पण ज्या बाईला झोपच मिळत नाही तिला पाचला उठवणं म्हणजे उरलेल्या झोपेतून आणखी तासभर कापून घेणं. तुझ्या कामांच्या यादीत आणखी एक काम वाढलं आणि ते जमलं नाही म्हणून आणखी एक अपराध चढला. ती आठ दिवसांची योगासनं मनातून काढून टाक. सध्या त्यांची गरज नाही.

सगळ्यात आधी ओपीडीत जा, पण पेशंट म्हणून, केसपेपर काढून. हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२ आणि शुगर करून घे. आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी असतं, आणि दुसऱ्यांच्या पापण्या ओढून बघणाऱ्या आपण स्वतःची कधी बघत नाही. थायरॉइड मंदावलं असेल तरी हीच मरगळ येते, मन बधिर होतं. रक्त सहा असताना कितीही विश्रांती घेतलीस तरी तरतरी येणार नाही.

डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचार: हे नैराश्य तर नाही? दोन्ही बाहेरून सारखी दिसतात. सुरुवातीचं बर्नआउट कामाला चिकटलेलं असतं. दोन-चार दिवस माहेरी गेलं की जरा हुशारी वाटते, आवडीचं कालवण चवीला लागतं. नैराश्य माहेरीही सोबत येतं. मुलीच्या हसण्यातही काही वाटेनासं होतं, आणि हे दोन आठवडे रोजचंच झालं असेल तर मानसोपचार तज्ज्ञांना दाखवायलाच हवं. बर्नआउट फार दिवस तसंच अंगावर काढलं तर त्याचं नैराश्य होऊ शकतं. पहाटे तीनची तुझी जाग मला त्यासाठीच खटकते. आपण नसतो तर बरं, असा विचार एकदाही येऊन गेला असेल, तर हे पत्र पुढे नंतर वाच, आधी १४४१६ ला फोन लाव. टेलिमानस म्हणतात त्याला. सरकारी, मोफत, २४ तास चालू, मराठीत बोलता येतं. तुझ्या रुग्णालयात कुणाला कळण्याचा प्रश्नच नाही.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहिते, कारण आपल्या धंद्यात ती घडते आणि कुणी बोलत नाही. झोप येत नाही म्हणून वॉर्डातल्या ट्रॉलीवरची अल्प्राझोलमची गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नकोस. एकदाही नको. मी एका फार चांगल्या सिस्टरला त्या गोळीवरून उतरताना पाहिलंय, दीड वर्ष गेलं तिचं. गोळी लागलीच तर ती दुसऱ्या कुणीतरी, तुला तपासून, कागदावर लिहून दिलेली असू दे.

आता झोपेकडे येते. स्वतःची काळजी घेणं यातला सगळ्यात मोठा भाग हाच आहे, बाकी सगळं याच्या मागून. नाइट करून सकाळी नऊला घरी आलीस की तू काय करत असशील ते मी न बघता सांगते. सासूबाईंचा नाश्ता, ओट्यावरची भांडी, मशीन लावणं, ‘झोपायच्या आधी तेवढं वरण लावते’. मग बाराला आडवी होतेस, दोनला कुरिअरवाला बेल वाजवतो आणि पाचला मुलीचा क्लास. ही झोप नव्हे. नाइटच्या दिवसांत घरातला ओटा सकाळी तुझा नाही, हे ठरवून टाक. पहाटे तीननंतर चहा बंद. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, चारचा कप दहाला तुझ्या डोळ्यांत असतो. घरी येताना गॉगल लाव, सकाळचं लख्ख ऊन डोळ्यांवर पडलं की शरीराला वाटतं दिवस सुरू झाला. थोडं खा, उपाशीपोटी झोप टिकत नाही. खिडकीला जाड चादर लाव, फोन दुसऱ्या खोलीत ठेव, बेलच्या बटणावर कागद चिकटव. पहिल्या नाइटच्या आधी दुपारी दीड-दोन तास झोपून घे. आणि डोळे मिटत असतील तर गाडी चालवू नकोस. नवऱ्याला आणायला बोलव, रिक्षा कर, पण गाडीवर बसू नकोस.

ड्युटीतलं एकच सांगते. लघवीला जा. हसू नकोस, मला ठाऊक आहे तू आठ-आठ तास जात नाहीस आणि जावं लागू नये म्हणून पाणीही पीत नाहीस. माझ्या बरोबरीच्या कितीजणींना त्यापायी सारखा मूत्रमार्गाचा त्रास सुरू झाला. पेशंटचं इनटेक-आउटपुट, म्हणजे पोटात किती गेलं आणि लघवी किती झाली, ते लिहिताना त्याच वेळी स्वतःचंही मनात लिही. दोनदा जाणं आणि एकदा बसून डबा खाणं, एवढं नाइटमध्ये झालंच पाहिजे. दुसरीला सांगून जा, ‘दहा मिनिटं तू बघ’, आणि तिलाही दहा मिनिटं दे. दोघीच असाल तर दोघींनीच एकमेकींना सोडवायचं.

मग ती चावी.

वॉर्डात आपण ओव्हर किती चोख देतो! आणि घरी कुणाला काही देतच नाही. वॉर्डातून निघतो तेव्हा साठ पेशंट डोक्यात घेऊन निघतो, घरातून निघतो तेव्हा सासूबाईंची गोळी, मुलीचा प्रकल्प, दुधाचं बिल डोक्यात घेऊन निघतो. दोन्हीकडची चावी सतत कमरेला. म्हणून वॉर्ड सोडताना एक पक्की खूण ठेव. मी घड्याळ बदलायचे. ड्युटीचं घड्याळ लॉकरमध्ये, घरचं हातात. ते बांधताना मनात म्हणायचे, ‘सांगून झालं, आता तिचं आहे.’ सुरुवातीला काही वाटायचं नाही, तरी करत राहिले. दीड-दोन महिन्यांनी घड्याळाचा पट्टा आवळताना खांदे आपोआप खाली यायला लागले. सलाईनची शंका मनातून जात नाही म्हणतेस, तर ओव्हर देताना शेवटची फेरी बोलून कर: ‘चार नंबर बंद, नऊ नंबर चालू, पहाटे पाचला बदललं.’ आपण मोठ्यानं म्हटलेलं आपल्याच कानात राहतं. तीनला जाग आली तर तो आवाज आठवायचा, फोन करायचा नाही.

घरची ओव्हर जास्त अवघड, कारण तिथे घेणारा तयार नसतो. सासूबाईंची शुगर नवऱ्यानं तपासायची. ग्लुकोमीटर शिकायला पाच मिनिटं पुरतात, तू रोज अनोळखी नातेवाइकांना शिकवतेस. ‘तूच नर्स, तुलाच जमतं’ हे घरच्यांचं वाक्य कौतुकाचं असतं, पण त्यापायी तुझी ड्युटी कधी संपतच नाही. एका रविवारी जेवताना सगळ्यांसमोर सांग, भांडून नको, ओव्हर देतो तशा आवाजात: आईंच्या गोळ्या आणि शुगर तुझ्याकडे, सकाळचा ओटा तुझ्याकडे, मुलीचं दप्तर तिच्याकडे. आणि दिलं की परत मागे लागायचं नाही. तो कांदा जाड चिरेल. चिरू दे. पुढच्या ड्युटीची सिस्टर गाठ वेगळी मारते म्हणून आपण बँडेज सोडून परत बांधत नाही ना?

मुलीला खरं सांग. सहावीतली मुलगी पुष्कळ समजते. ‘माझं लक्ष नसतं हे खरं आहे, मी फार दमले आहे, त्यात तुझी काही चूक नाही, मी त्यावर उपाय करते आहे.’ मुलं आईच्या गप्प राहण्याचा दोष स्वतःकडे घेतात. माझ्या मुलीनं घेतला होता, आणि हे तिनं मला तिच्या लग्नानंतर सांगितलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

रजेशिवाय हे सगळं अर्धवट आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे वर्षाला ३० दिवस अर्जित रजा तुझ्या खात्यावर जमा होते, अर्धवेतनी २० दिवस. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर अर्धवेतनी रजेची परिवर्तित रजा करून पूर्ण पगारावर घेता येते, दिवस दुप्पट कापले जातात एवढंच. शिवाय मुलगी १८ वर्षांची होईपर्यंत बाल संगोपन रजा आहे, साऱ्या नोकरीत मिळून १८० दिवस. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, मंजूर करणं वरच्यांच्या हातात असतं, हे मलाही माहीत आहे. माझेही अर्ज परत आलेत. म्हणून अर्ज तोंडी नको. लेखी दे, आवक क्रमांक घे, एक प्रत स्वतःजवळ ठेव. तीन दिवस नको, निदान तीन आठवडे माग. तीन दिवसांत फक्त किती थकलोय ते कळतं.

आणि रजेत घर काढायला बसू नकोस. माळे नाहीत, गाद्यांचे अभ्रे नाहीत, कुरडया नाहीत. पहिले पाच-सहा दिवस तू नुसती झोपशील, चिडशील, विनाकारण रडशील. ते चांगलं लक्षण आहे, बधिर बोटाला रक्त यायला लागलं की आधी मुंग्या येतात. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी घराबाहेर पड, अर्धा तास चाल, फोन घरी ठेवून. तिसऱ्या आठवड्यात असं काहीतरी कर ज्याचा कुणाला काही उपयोग नाही. मी हार्मोनियमची पेटी उघडली होती, लग्नानंतर पहिल्यांदा. भात्याला उंदरानं भोक पाडलं होतं, ते चिकटवण्यातच चार दिवस गेले, पण त्या चार दिवसांत मला एकदाही वॉर्ड आठवला नाही.

तीन आठवड्यांत सगळं ठीक होईल असं मी लिहिणार नाही. मला पुन्हा पेशंटशेजारी बसून दोन शब्द बोलावंसं वाटायला सात-आठ महिने लागले. रजेनंतर पहिल्या दिवशी स्टँडवर पाय पुन्हा जड होतील. होऊ देत. वॉर्ड बदलून मागायची वेळ आली तर माग. तीन वर्षं मेडिसिनला झाली, ओपीडी किंवा लसीकरणाला बदली मागण्यात पळपुटेपणा काही नाही. आणि माणसं वाढवून मागायची ती एकटीनं नको. तुमच्या वॉर्डच्या दहा-बारा जणींनी मिळून, रोजच्या रात्रीचे पेशंट आणि सिस्टर यांचे महिन्याचे आकडे लिहून, मेट्रनकडे, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या वरच्या मुख्य परिचारिकेकडे द्यायचे, एक प्रत संघटनेकडे. लगेच काही होणार नाही. पण आकडे कागदावर असले की ‘सिस्टर लोक कुरकुर करतात’ असं म्हणून ते बाजूला सारता येत नाहीत. १२ मेला, परिचारिका दिनाला, गुलाबाची फुलं आणि भाषणं मिळतात, ती ज्यांना द्यायची त्यांनी द्यावीत. त्याच कार्यक्रमात हा कागदही त्यांच्या हातात पडू दे.

आता आजोबा. ते तुझ्या मनात अजून तसेच आहेत, म्हणून तर तू लिहिलंस. त्यांच्या सुनेला शोधून माफी मागायची काही गरज नाही. तुझ्या मनात काय आलं ते तिला कधी ऐकू गेलेलं नाही, तिला दिसली ती सासऱ्यांचे डोळे मिटणारी सिस्टर. पण इन्चार्ज सिस्टरनी मला एक करायला लावलं होतं, ते तू करून बघ. एक छोटी वही आण आणि ती लॉकरमध्ये ठेव, घरी नाही. वॉर्डात माणूस गेलं की ओव्हर द्यायच्या आधी त्यात एक ओळ लिहायची. नाव नको, आजार नको. त्या माणसाबद्दल तुला दिसलेली एक गोष्ट. मग वही बंद, लॉकर बंद, घड्याळ बदललं, घरी. महिनाभर मला काही सुचायचं नाही, कारण मी बघतच नव्हते. मग ओळ लिहायची आहे म्हणून पेशंटकडे बघायला लागले, तो जिवंत असताना.

तुझ्या आजोबांपासून सुरुवात कर. आठ दिवस होते तुझ्याकडे, एखादी गोष्ट नक्की आठवेल. ती वही आज माझ्या टेबलावर आहे, कडा पिवळ्या पडल्यात. पहिल्या पानावर माझं अक्षर थरथरलेलं आहे: ‘खाट नऊ. चहात बिस्किट बुडवायचे, ते तुटून कपात पडलं की माझ्याकडे बघून हसायचे.’